भरपाई कोण देणार?

लिहिलं म्हणून माणसाला उचलायचं, कोर्टकचेरीत पिळून काढायचं आणि वर्षा-दोन वर्षांनी वरच्या न्यायालयानं ‘यात गुन्हाच नाही’ म्हटलं की लोकशाही शाबूत आहे म्हणून सगळ्यांनी समाधान मानायचं. मला हे समाधान मान्य नाही. निकाल हातात पडतो तेव्हा शिक्षा भोगून झालेली असते, आणि ती देणारा पोलीस अधिकारी तोवर बदली होऊन दुसऱ्या ठाण्यात बसलेला असतो.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावानं फोडला. ओरड झाल्यावर अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे पडला. या प्रकरणानं हादरून एका विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि २४ मार्च २०१५ रोजी ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं.

तरी त्या कलमाखाली गुन्हे दाखल होतच राहिले. २०२१ साली, म्हणजे सहा वर्षांनी, हे समोर आलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयच अवाक झालं. मेलेल्या कलमाखाली जिवंत माणसं आरोपी! २०२२ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला की असे खटले काढून टाका. रस्त्यावरच्या फेरीवाल्याला कायदा माहीत नसला तर ती सबब चालत नाही. मग ज्याला कायदा राबवण्याचाच पगार मिळतो त्याची सबब का चालावी? माझ्या मते हा अडाणीपणा नाहीच. वरून फोन येतो, दारात जमाव उभा असतो आणि समोरचा माणूस एकटा असतो, म्हणून गुन्हा दाखल होतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचं तेच झालं. कलम ३७० हटवल्याच्या दिवसाला त्यानं व्हॉट्सॲप स्टेटसमध्ये काळा दिवस म्हटलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी गटागटांत तेढ पसरवल्याचं, भारतीय दंडसंहितेचं कलम १५३अ लावलं. मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि बजावलं की अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय, हे आता पोलिसांना शिकवायची वेळ आली आहे.

शिकवलं? पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, पुण्यातली एकोणीस वर्षांची इंजिनिअरिंगची मुलगी येरवड्याच्या तुरुंगात जाऊन बसली. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात तिनं सरकारवर टीका करणारी इन्स्टाग्राम पोस्ट पुढे पाठवली होती. पोस्ट काढून टाकून माफीही मागितली होती. तरी अटक झाली, आणि वर कॉलेजनं तिला काढून टाकलं. परीक्षा सुरू होती. उच्च न्यायालयानं सरकारला फैलावर घेऊन तिला सोडवलं. पण एकोणिसाव्या वर्षी तुरुंगात काढलेल्या रात्री कोणत्या आदेशानं परत मिळतात?

शब्दांनी दंगली पेटतात, म्हणून कडक राहावं लागतं, असं मला ऐकवलं जातं. दंगल पेटवणाऱ्याला जरूर पकडा, अभिव्यक्तीवर वाजवी बंधनं घालू देणाऱ्या घटनेच्या कलम १९(२)मध्ये त्याला जागा आहे. पालघरमध्ये दवाखाना फोडणारे आणि फेसबुकवर लिहिणारी, यांतलं दंगलखोर कोण, हे ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही.

लिहिणाऱ्यांना पकडताना पोलीस दाखवतात ती तत्परता शशिकांत वारिशे यांच्या वाट्याला आली नाही. राजापूरच्या या पत्रकारानं तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या एका समर्थकाबद्दल बातमी दिली आणि ती छापून आली त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचं कलम लागलं ते राज्यभरच्या पत्रकारांनी आवाज उठवल्यावर. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं २०१७ सालीच केला होता. तालुक्याच्या गावात तुटपुंज्या मानधनावर बातमी देणाऱ्याला तो कायदा कुठे दिसतो? त्याला दिसते ती बदनामीच्या फौजदारी खटल्याची नोटीस, कारण बदनामी आजही तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ती तशीच ठेवली.

ताशेऱ्यांनी काही होत नाही, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. लिहिल्या-बोलल्याबद्दलचा गुन्हा बेकायदा म्हणून रद्द झाला की त्याच निकालात नुकसानभरपाईची रक्कम यावी. ती सरकारी तिजोरीतून दिली तर पुन्हा तुमच्या-माझ्याच खिशातून गेली. म्हणून डोळे झाकून गुन्हा नोंदवणारा अधिकारी आणि अटकेची गरज काय हे न विचारता कोठडीवर सही करणारा दंडाधिकारी, दोघांची नावं निकालात असावीत. आणि अधिकाऱ्याच्या पगारातून किती हप्त्यांत वसुली होणार, हेही तिथेच लिहिलेलं असावं.