हौदाकाठी वेखंड लावा!

आपल्या कॉलेजच्या हौदाकाठची जागा बारमाही ओली असते. तेथे जपानी आयरिसची बाग करावी, अशी सूचना यंदा विद्यार्थ्यांतून आली. सूचना करणाऱ्यांची सौंदर्यदृष्टी मला मान्य आहे. सूचना मात्र मान्य नाही.

हे फूल देखणे आहे यात शंका नाही. जपानात त्याला 'हानाशोबू' म्हणतात. एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, मात्सुदाइरा शोओ (१७७३–१८५६) यांनी त्याच्या अनेक जाती तयार केल्या. होरिकिरी येथील त्याच्या बागेचे चित्र हिरोशिगे याने १८५७ साली काढले. पण या झाडाला आम्लधर्मी माती लागते, चुना सोसत नाही. वाढीच्या दिवसांत मुळाशी सतत ओल हवी. शिवाय दर तीन-चार वर्षांनी गड्डे उपटून, वेगळे करून पुन्हा लावावे लागतात. आणि आपली वऱ्हाडची काळी माती? अल्कधर्मी, चुनखडीची! उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मोर्शी-वरुडकडे संत्राबागा जगविण्यासाठी बोअर खोल खोल चालले आहेत. अशा मुलखात पाहुण्या फुलासाठी माती बदलायची आणि पाणी ओतायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

मग जागा ओसाड ठेवायची काय? मुळीच नाही. गंमत अशी, की 'हानाशोबू' म्हणजे 'फुलांचा शोबू' आणि शोबू म्हणजे आपले वेखंड! दोहोंची पाने तलवारीसारखी, म्हणून हे नाव. जपानी लोक ५ मे रोजी, मुलांच्या सणाला, वेखंडाची पाने स्नानाच्या पाण्यात घालतात. आपल्याकडेही तान्ह्या बाळाच्या न्हाण्यामाखण्यात वेखंड असतेच. पण ते आपण दुकानातून पुडीत आणतो.

वेखंडाच्या गड्ड्याचे तुकडे पावसाळ्याच्या तोंडी चिखलात लावावेत. मुळाशी ओल आणि उन्हाळ्यात थोडी सावली मिळाली की झाले. त्याचे फूल दिखाऊ नाही, हे खरे. रंगासाठी शेजारी कर्दळ लावा, काठाला धोपा लावा.

माझे गाव रिद्धपूर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आई शाळेत गेली नाही, पण न्हाणीच्या सांडपाण्यावर तिने धोपा आणि कर्दळ वर्षानुवर्षे जगविली आहे. बागेच्या चर्चेत अशा आयांना कोणी विचारले काय? शिक्षण म्हणजे घरचे शहाणपण उंबरठ्याबाहेर ठेवून येणे नव्हे.

तेराव्या शतकात रिद्धपुरी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. संस्कृत येत असूनही, बायाबापड्यांना कळावे म्हणून महानुभावांनी मराठीत लिहिले. आज त्याच गावी मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. भाषेच्या बाबतीत जे त्यांना सातशे वर्षांपूर्वी उमगले, ते बागेच्या बाबतीत आपल्याला आज उमगू नये?

तेव्हा येत्या मृगात ज्याच्या घरी जे असेल, त्याने त्याचा एक गड्डा आणावा. वेखंड तेवढे विकत घेऊ. लावायचे कसे, ते विचारायला आपापल्या आईकडे जाऊ.

— बी. ए. भाग २