एका फ्लेक्सच्या पैशात रंगपेटी
सातारा-सांगलीच्या वस्त्यांत आम्ही रक्तदाब तपासायला बसतो तेव्हा बाया हळूच सांगतात, "सिस्टर, रात्रभर डोळा लागत नाही, जीव घाबराघुबरा होतो." पूर्वी जयंतीला पोरं हातानं बोर्ड रंगवायची, आयाबाया गाणी रचायच्या. आता फ्लेक्स छापून येतो, डीजे भाड्यानं येतो. हात रिकामेच. आमच्या मते हे आरोग्याचंही नुकसान आहे.

अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं रंग, माती, कागदकाम करायला दिलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, कमी झालं होतं. प्रयोग लहान, पण कला आधी येत होती की नव्हती, यानं फरक पडला नाही, हे महत्त्वाचं.

साताऱ्यात शिकलेल्या बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली. हे कुठल्या फ्लेक्सवर दिसत नाही!

गोधडी, रांगोळी, ढोलकी, काहीही चालेल. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नका. यंदाच्या वर्गणीतून एक फ्लेक्स कमी करा, विहारात रंग-कागद आणून ठेवा. रविवारी वंदना झाली की आधी बायांच्या हातात द्या. पोरं मागोमाग येतीलच.