डुगडुगतं पातं
दिवाळीत कोंढ्याला आजोबांचा घडीचा चाकू हाती आला. पातं डुगडुगत होतं. मी मेकॅनिकलवाला, रिव्हेटचा शिअर स्ट्रेस कागदावर काढणारा! कुऱ्हाडीच्या पाठीवर ठेवला नि हाणला हातोडा. चाकू उघडेचना.

आजोबा रागावले नाहीत. तेल सोडून पातं हळूहळू मोकळं केलं. म्हणाले, "बाबू, मधात नाही, काठानं टिचकाव. दोन टिचक्या, मंग उघडून पाह्य."

मधे जोरात मारलं की रिव्हेटची दांडी फुगते, पातं आवळतं. काठानं टिचकावलं की डोकं पसरतं, खेळ जातो.

फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब मी दुसऱ्याकडून घासून घेतला होता (तुम्हीही!). मार्क भरपूर. माझं म्हणणं, वर्कशॉपच्या परीक्षेत कोऱ्या पट्टीऐवजी असला मोडका चाकूच द्यावा. पहिला नापास मीच होईन.