जकातीच्या हिशेबात औषधाची चिठ्ठीही असू द्या

रमजानच्या दिवसांत औषधाच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "भाई, ही गोळी सहरीला घेतली तर चालेल ना?" दुसरा प्रश्न मात्र हळू आवाजात येतो. "पूर्ण स्ट्रिप नको, पाच दिवसांच्याच द्या." पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे. दुसऱ्याचे उत्तर आपण साऱ्यांनी शोधायचे आहे.

इस्लामने आजारी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे. सुटलेले रोजे बरे झाल्यावर ठेवता येतात. जुनाट आजारात तेही शक्य नसेल, तर फिदया म्हणजे गरजूला जेवण देण्याची वाट आहे. म्हणून इन्सुलिन मनानेच टाळणे किंवा रक्तदाबाची गोळी मागेपुढे ढकलणे ही काही इबादत नव्हे. वसईतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा उपवासकाळ असो वा हिंदू घरांतली नवरात्र, हे सर्वांना सारखेच लागू आहे.

पण गोळी चुकते ती फक्त उपवासामुळे नाही, किमतीमुळेही. नालासोपारा-विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाचा पगार घरभाड्यात आणि हप्त्यांत जातो. मग गोळी एक दिवसाआड होते, किंवा डॉक्टरांची फी वाचवायला जुनी चिठ्ठी दाखवून औषध आणले जाते. अँटिबायोटिक तर चिठ्ठीविनाच मागितले जाते.

स्वस्त औषध म्हणजे कमअस्सल औषध, हा समज आधी सोडायला हवा. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत 'सिप्ला' सुरू केली. 2001 मध्ये त्यांचे पुत्र डॉ. युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. तोवर पाश्चात्त्य देशांत त्यासाठी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. ती औषधे जेनेरिकच होती, आणि त्यांनी आफ्रिकेतल्या असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढवले.

आपल्याकडे 2008 पासून जनऔषधी केंद्रे आहेत. जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत 'जनऔषधी सुगम' ॲपवर पाहता येते. 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर वेगवेगळ्या ब्रँडच्या किमती तपासता येतात. मात्र नुसते 'जेनेरिक' म्हणून दिलेल्या प्रत्येक स्ट्रिपवर विसंबू नका. काहींवर छापील किंमत मुद्दाम चढी असते. एका गोळीला किती पडले, हा हिशेब करा.

खरी अडचण चिठ्ठीत आहे. 'शेड्यूल एच'मधल्या औषधाच्या जागी दुसरे औषध परस्पर देण्याची मुभा दुकानदाराला नाही. चिठ्ठीवर महागडा ब्रँड असेल, तर स्वस्त पर्याय समोर असूनही रुग्णाचे हात बांधलेले राहतात. वैद्यक परिषदेने 2016 मध्येच डॉक्टरांना औषधाचे जेनेरिक नाव, सुवाच्य अक्षरांत लिहायला सांगितले आहे. ते मागायला रुग्णाने संकोच करू नये. अपस्मार, थायरॉइड अशा काही आजारांत मात्र ब्रँड बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

बिलाचा आग्रहही धरा. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. औषधात खोट निघाली, तर अन्न व औषध प्रशासनाकडे जाताना तेच कामी येते. 1 ऑगस्ट 2023 नंतर तयार झालेल्या, ठरावीक 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. मोबाइलवर तो तपासायला मिनिटही लागत नाही. 'बिल नको असेल तर आणखी स्वस्त देतो' म्हणणाऱ्याकडून औषध न घेतलेलेच बरे.

एवढे करूनही काही घरांना औषध परवडणार नाही. म्हणून ही सूचना. या महिन्यात आपण अडीच टक्के जकात काढतो. त्यातून शिधा जातो, ईदचे कपडे जातात. मोहल्ल्यातल्या एखाद्या पात्र रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्यांचे पैसेही त्यातून जावेत. जकातीचे निकष आलिमांना विचारून घ्यावेत. सदक्याला तर धर्माची अट नाही. मशिदीच्या कमिटीने, चर्चच्या मंडळाने, गणेशोत्सव मंडळाने आपापल्या भागात चालू तारखेची चिठ्ठी आणि दुकानाचे बिल पाहून मदत करावी, आणि रुग्णाचे नाव चारचौघांत घेऊ नये.

ईदच्या दिवशी शिरखुर्मा आपण शेजाऱ्यांना आवर्जून पोहोचवतो. त्यांच्यापैकी कोण गोळ्या अर्ध्या करून खातो आहे, याची विचारपूस त्याआधी व्हायला हवी.