मान टाकलेली कोंबडी

आमच्या यवतमाळकडे कोंबडीने मान टाकली की शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात, “मानमोडी!” मानमोडी म्हणजे राणीखेत, रोग साथीचा खरा. पण आमच्या परसातल्या पाचही कोंबड्यांना त्याची लस दिलेली होती. तरी दोघींचे आधी पाय लुळे पडले, मग पंख, मग मान. शिंक नाही, घरघर नाही. गुरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “जवळपास काही मेलंय का?” कुंपणापलीकडे घूस मरून पडली होती आणि कोंबड्या तिच्यातल्या अळ्या टिपत होत्या!

हा बॉटुलिझम. कुजत्या मांसात जंतू विष तयार करतात. अळ्यांना ते बाधत नाही, पाखराला मात्र लुळे करते. २०१९ साली राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पाखरे याच विषाने मेली.

घूस खोल पुरली, आजारी कोंबड्या सावलीत वेगळ्या ठेवल्या, मान उचलून धरून थेंबथेंब पाणी पाजले. एक दगावली, दुसरी चौथ्या दिवशी उभी राहिली. दगावलेलीचा रस्सा करण्याचा सल्लाही मिळाला. भगिनींनो, तो मुळीच ऐकू नका! कोंबडीने मान टाकली की डॉक्टरांना बोलवा, आणि ते येईतो उकिरडा धुंडाळा.