रांगडेपणाचा परवाना

किड रॉक या अमेरिकी गायकाने रॅप-रॉक मागे टाकून कंट्री संगीताची वाट धरली, त्याविषयी दोन ठरावीक मते ऐकू येतात. वय वाढले तसा तो आपल्या मुळांकडे परतला, हे एक. लाट ओसरताच त्याने दुकान बदलले, हे दुसरे. आम्हांला दोन्ही अपुरी वाटतात. कंट्री कोणाची, हा प्रश्न दोन्हींनी टाळला आहे.

मुळांचेच पाहू. रॉबर्ट जेम्स रिची हा मिशिगनमधल्या रोमिओचा; वडिलांचा मोटारविक्रीचा भरभराटीचा व्यवसाय. पोरवयातच तो हिप-हॉपच्या नादी लागला आणि १९९० मधला त्याचा पहिला अल्बम रॅपचाच होता. केंटकी-टेनेसीची गोरी कुटुंबे डेट्रॉइटच्या मोटारकारखान्यांत येताना आपली गाणीही घेऊन आली, त्यामुळे त्या परिसराला कंट्री परकी नाही, हे खरे. पण तो शहराचा वारसा झाला. शिवाय 'डेव्हिल विदाउट अ कॉज' (१९९८) या अमेरिकेतच एक कोटीहून अधिक खपलेल्या अल्बमात 'काउबॉय' हे गाणे आहेच. म्हणजे ऐन रॅप-रॉकच्या भरातही तो वेश तयार होता. २००८ साली गाजलेले 'ऑल समर लाँग' तर लिनर्ड स्किनर्ड आणि वॉरन झीव्हॉन यांच्या दोन जुन्या गाण्यांच्या सुरावटींवर उभे आहे. दुसऱ्याची सुरावट उचलून तिच्यावर आपले रचणे, ही हिप-हॉपचीच रीत. वेश बदलला, कारागिरी तीच राहिली. आणि यात आम्हांला काही गैर दिसत नाही.

गैर दिसते ते अन्यत्र. रंगमंचावर तो वर्षानुवर्षे दक्षिणी कॉन्फेडरेट झेंडा मिरवत होता. २०११ मध्ये एनएएसीपीच्या डेट्रॉइट शाखेने त्याला पुरस्कार दिला, तेव्हा याच कारणाने निदर्शने झाली. यादवी युद्धात मिशिगन त्या झेंड्याविरुद्ध लढले होते! तेव्हा ही मुळे नव्हेत. ही निवड आहे, आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजायची आहे.

याच्या शेजारी २०१९ सालचे लिल नास एक्सचे 'ओल्ड टाउन रोड' ठेवावे. घोडा, टोपी, रॅप, सगळे तेच, गायक कृष्णवर्णीय. बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून काढले. बँजोचे पूर्वज गुलामांबरोबर आफ्रिकेतून आले, रे चार्ल्सने १९६२ मध्येच कंट्री गाण्यांचा अल्बम केला. तरीही १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी 'रेस' आणि 'हिलबिली' अशी जी वाटणी केली, तिची भिंत अजून पुरती पडलेली नाही. बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला २०२५ मध्ये कंट्रीचा ग्रॅमी मिळाला, तेव्हाही कुरकुर झालीच. 'अस्सल' हा शब्द आपल्या समीक्षेतही सढळ हाताने वापरला जातो. तो कोणाला विनातपासणी मिळतो, हे पाहण्याची सवय मात्र आपल्याला कमी आहे.

आणि तरीही 'कॉकी' (२००१) मधले शेरिल क्रोसोबतचे 'पिक्चर' आम्हांला आवडते. त्यात बढाई नाही, झेंडा नाही. दुरावलेली दोन माणसे आहेत, आणि गायकाचा आवाज मोठा नसल्याने ती खरी वाटतात.