‘चूक त्याचीच होती!’

प्रेसमध्ये कुणाचं बोट गेलं की शॉपमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘चूक त्याचीच होती.’ मित्रांनो, उद्या अपघाताचा रिपोर्ट आपल्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. म्हणून स्पष्टच सांगतो, हे वाक्य इंजिनिअरला शोभत नाही आणि कायद्यालाही पुरत नाही.

आधी इंजिनिअरिंगचं बघू. जुन्या पॉवर प्रेसला पिन किंवा की क्लच असतो. एकदा पायडल दाबलं की क्रँकची फेरी पूर्ण होईपर्यंत रॅम मधेच थांबत नाही. क्लचचे भाग झिजले तर पायडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येऊ शकतो. अशा मशीनला लाइटचा सेन्सर लावून उपयोग शून्य, कारण रॅम थांबवणार कसा? तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा. एअर क्लच-ब्रेकच्या प्रेसवर मात्र सेन्सर आणि दोन्ही हातांनी दाबायची बटणं कामाला येतात. दिवसभर तीच हालचाल करणाऱ्या माणसाचं लक्ष एकदाही ढळू नये, हे कुठल्या डिझाइनमध्ये बसतं? बीमला आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी देतो, मग माणसाला का नको?

सुट्टीत एका छोट्या कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिथे गार्ड कोपऱ्यात धूळ खात पडलेला. ऑपरेटर म्हणाला, ‘लावला तर टार्गेट होत नाही, साहेब.’ टार्गेट ठरवणारा एक, बोट जाणार दुसऱ्याचं!

आता कायदा. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण तत्त्व तेच आहे. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. नुसता निष्काळजीपणा ही पळवाट चालत नाही. नशा, नियम मुद्दाम मोडणं, गार्ड जाणूनबुजून काढणं असे मोजकेच अपवाद आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही लागू होत नाहीत. ईएसआय लागू असेल तर भरपाईची जबाबदारी ईएसआयची. अॅप्रेंटिसलाही १९६१ च्या कायद्याच्या कलम १६ ने भरपाईचा हक्क दिलेला आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

हक्क कागदावर असून भागत नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमींवर अहवाल काढते. हरयाणातल्या मानेसर-गुरुग्राम पट्ट्यात बोटं गमावलेल्या अनेकांच्या हाती ईएसआयचं कार्ड पडलं ते अपघातानंतरच. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची किंमत होती १४ टक्के कमाईक्षमता आणि अंगठ्याची ३० टक्के. पण प्रेसवरच्या माणसाची तर्जनी गेली तर त्याला पुन्हा प्रेसवर कोण घेणार?

सरांना एक विनंती. वर्कशॉपच्या टर्मवर्कमध्ये जॉबसोबत एक शीट गार्डिंगचं असू द्या. आणि मित्रांनो, उद्या रिपोर्ट लिहायची वेळ आली तर कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. गार्ड होता का? क्लच कधी तपासला? टार्गेट किती होतं? उत्तरं लिहायला पेन जड वाटेल, पण त्या कागदावर एका घराची भरपाई अवलंबून असते.